मालिकेतील पुढचा भाग तालिकेत का सापडत नाही, आणि तो सापडावा म्हणून काय करावे लागते

प्रश्न एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या सभासदाचा आहे. मुलीसाठी फास्टर फेणेची पुस्तके क्रमाने घरी न्यावीत म्हणून त्यांनी ग्रंथालयाच्या संगणकावर शोध घेतला, तेव्हा मोजकीच पुस्तके दिसली. बालविभागाच्या कपाटात प्रत्यक्षात त्याहून बरीच अधिक होती, आणि कोणते आधीचे व कोणते नंतरचे हे ना कपाट सांगत होते ना संगणक. तालिकीकरणाचे, म्हणजे ग्रंथालयाच्या सूचीत (तालिकेत) पुस्तकांच्या नोंदी करण्याचे, आंतरराष्ट्रीय नियम असताना असे का व्हावे आणि त्या नियमांचा वाचकाला नेमका उपयोग काय, असे त्यांनी विचारले आहे. मराठी ग्रंथांच्या तालिकीकरणात माझी बरीच वर्षे गेली असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

थोडक्यात उत्तर असे, की ग्रंथमालेच्या बाबतीत नियम तालिकाकाराकडून दोन वेगळी कामे मागतात. पहिले काम, पुस्तकावर मालेचे नाव जसे छापले आहे तसे उतरवून घेणे. दुसरे काम, त्या मालेला ग्रंथालयाच्या तालिकेत एकच प्रमाण नाव देऊन मालेतील प्रत्येक पुस्तक त्या नावाशी जोडणे. पहिल्या कामामुळे हातातले पुस्तक ओळखता येते, तर बाकीची पुस्तके सापडतात ती दुसऱ्या कामामुळे. आपल्याकडच्या अनेक ग्रंथालयांत पहिले काम अर्धेमुर्धे होते आणि दुसरे होतच नाही.

भा. रा. भागवतांचीच मालिका घेऊ. ‘आगे बढो, फास्टर फेणे’, ‘चिंकूचे चाळे आणि फास्टर फेणे’, ‘जवानमर्द फास्टर फेणे’, ‘ट्रिंग ट्रिंग फास्टर फेणे’, ‘फुरसुंगीचा फास्टर फेणे’ ही तीतील काही शीर्षके. शीर्षकांच्या अकारविल्हे यादीत ती अनुक्रमे आ, च, ज, ट आणि फ या अक्षरांखाली विखुरतात, कारण नायकाचे नाव शीर्षकात असले तरी सुरुवातीला नाही. लेखकाच्या नावाने शोधले तर भागवतांची इतर सगळी पुस्तकेही त्याच यादीत मिसळतात, आणि एका नोंदीत ‘भागवत, भा. रा.’ व दुसरीत ‘भागवत, भास्कर रामचंद्र’ असे असेल तर ती यादीही दुभंगते. ‘फास्टर फेणे’ हे शब्द टाकून शोधले तर बहुतेक पुस्तके मिळतील, पण कोणी टंकताना ‘फास्टर फेणें’ किंवा ‘फ़ास्टर’ केले असेल तर ते पुस्तक गळेल. आणि जी मिळतील ती कोणत्या क्रमाने वाचायची हे कळणार नाही. शिवाय ही मालिका त्यातल्या त्यात सोपी, कारण नायकाचे नाव निदान प्रत्येक शीर्षकात कुठेतरी आहे. ज्या कादंबरीमालेतील शीर्षकांत एकही समान शब्द नसतो, तिथे शब्दशोधाचा काहीच उपयोग होत नाही.

पत्रतालिकेच्या, म्हणजे लाकडी खणांत लावलेल्या कार्डांच्या (पत्रांच्या) तालिकेच्या, काळात हे दुसरे काम डोळ्यांना दिसत असे. मुख्य पत्रावर पृष्ठसंख्या आणि आकार यांच्यानंतर गोल कंसात मालेचे नाव व क्रमांक टंकलेला असे, आणि पत्राच्या तळाशी रोमन आकड्यांसह आणखी कोणकोणत्या नावांखाली पत्रे करायची याची यादी असे. त्या यादीत ‘माला’ असा उल्लेख असला तर मालेच्या नावाचे स्वतंत्र पत्र तयार होऊन खणात लागत असे. कंसातली टीप आणि तळाचा उल्लेख या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. कंसात नाव आहे पण तळाशी उल्लेख नाही, असे असले तर मालेच्या नावाखाली खणात काहीच मिळत नसे. आजही नेमकी हीच अवस्था होते. फक्त खण नाहीत म्हणून ती चटकन दिसत नाही.

संगणकीय नोंदींसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या मार्क २१ या आराखड्यात ही दोन कामे दोन वेगळ्या क्षेत्रांत, म्हणजे क्रमांक दिलेल्या रकान्यांत, ठेवली आहेत. क्षेत्र ४९० मध्ये पुस्तकावरचे मालेचे विधान जसेच्या तसे जाते. प्रमाण नाव ८०० ते ८३० या गटात जाते: माला एकाच लेखकाची असेल तर ८०० मध्ये लेखकाच्या नावासह, आणि प्रकाशकाची किंवा अनेक लेखकांची असेल तर ८३० मध्ये केवळ मालेच्या नावाने. ४९० चा पहिला निर्देशक, म्हणजे क्षेत्राच्या सुरुवातीचा खुणेचा आकडा, ० असेल तर ‘या मालेखाली दुवा केलेला नाही’ आणि १ असेल तर ‘प्रमाण नाव खाली दिले आहे’ असा त्याचा अर्थ. पूर्वी ४४० नावाचे एक क्षेत्र होते, ज्यात दोन्ही कामे एकाच ओळीत उरकत असत. छापील रूप आणि प्रमाण रूप एकच असल्याचे ते गृहीत धरत असल्यामुळे २००८ मध्ये ते मोडीत काढले गेले. आपल्याकडच्या जुन्या डेटामध्ये ४४० अजून भरपूर दिसते आणि प्रणाली बदलताना बहुधा तिथेच मालेचे दुवे तुटतात.

छापील रूप आणि प्रमाण रूप वेगळे का ठेवायचे, हे मराठीत काम करणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. राजवाड्यांच्या बावीस खंडांचे उदाहरण पाहा. पहिला खंड १८९८ साली निघाला आणि मूळ शीर्षक ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ असे, त्या काळच्या लेखनाप्रमाणे अनुस्वारांसह आहे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनंतर शिकलेला वाचक ‘साधने’ असेच टंकणार. संगणकाच्या दृष्टीने ‘साधनें’ आणि ‘साधने’ हे दोन वेगळे शब्द आहेत. मुखपृष्ठावरचे रूप बदलण्याचा अधिकार तालिकाकाराला नाही, कारण तेच रूप पाहून संशोधक आवृत्ती ओळखतो. आणि वाचकाला रिकाम्या हाताने परत पाठवण्याचाही त्याला अधिकार नाही. म्हणून ‘साधनें’ ४९० मध्ये किंवा शीर्षकात राहते, एक प्रमाण रूप ठरते, आणि उरलेली सगळी रूपे प्रमाण नावाच्या स्वतंत्र नोंदीत ‘याऐवजी हे पाहा’ अशा संदर्भांत जातात.

या स्वतंत्र नोंदीला आम्ही ऑथॉरिटी रेकॉर्ड म्हणतो. ती कोणत्याही एका पुस्तकाची नोंद नसते. तिचा विषय खुद्द माला असतो. मार्कमध्ये या नोंदीत मालेसाठी काही खास क्षेत्रे आहेत: ६४२ मध्ये क्रमांक कोणत्या रूपात लिहायचा त्याचा नमुना, ६४४ मध्ये मालेतील प्रत्येक पुस्तकाची वेगळी नोंद करायची की नाही, ६४५ मध्ये दुवा करायचा की नाही, आणि ६४६ मध्ये सगळी पुस्तके एका वर्गांकाखाली एकत्र ठेवायची की विषयानुसार विखरायची. हे निर्णय एकदा लिहून ठेवले की दहा वर्षांनी दुसरा तालिकाकार आला तरी त्याच मालेचे अकरावे पुस्तक पहिल्या दहांच्या शेजारी बसते. ज्या ग्रंथालयांत हे निर्णय फक्त एका अनुभवी कर्मचाऱ्याच्या डोक्यात असतात, तिथे तो निवृत्त झाला की माला दोन ठिकाणी दिसू लागते. अशी दुभंगलेली ग्रंथमाला निम्म्या वाटेवर सोडलेल्या सभासदांची संख्या कोणत्याही अहवालात येत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

कोहा ही ग्रंथालयाची संगणक प्रणाली वापरणाऱ्यांसाठी इथे एक गोष्ट नमूद करतो. पर्यायी रूपे प्रमाण नोंदीत भरली म्हणजे वाचकाच्या शोधात ती आपोआप येतात असे नाही. ‘इन्क्लूड सी फ्रॉम इन सर्चेस’ ही सेटिंग चालू करावी लागते आणि त्यानंतर पूर्ण डेटाचे इंडेक्सिंग पुन्हा करावे लागते. प्रमाण नोंदी काळजीपूर्वक भरूनही ही सेटिंग बंदच राहिली, तर सगळ्या मेहनतीचा वाचकाला काडीचाही उपयोग होत नाही.

आता क्रमांकाकडे वळू, कारण मूळ प्रश्नातला ‘क्रमाने’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मराठी ग्रंथमालांत क्रमांक लिहिण्याच्या तऱ्हा अनेक: खंड सातवा, भाग ७ वा, पुष्प अकरावे, क्वचित नुसताच आकडा. संगणकाला हे क्रम अक्षरांप्रमाणे लावायला सांगितले तर ‘चौथा, तिसरा, दुसरा, पहिला, पाचवा’ अशी यादी येते. आकडे वापरले तरी ते मजकूर म्हणून साठवले असतील तर १० हा २ च्या आधी येतो, आणि काही नोंदींत देवनागरी व काहींत इंग्रजी आकडे असतील तर एकाच मालेच्या दोन रांगा लागतात. म्हणून छापील विधानात ‘पुष्प अकरावे’ असे राहू द्यावे, पण ८०० किंवा ८३० मध्ये ‘व्ही’ या उपक्षेत्रात सर्व नोंदींत एकाच पद्धतीने, एकाच लिपीतला आकडा द्यावा. पुस्तकावर क्रमांकच नसेल तर तालिकाकाराने मनाने तो देऊ नये. प्रकाशनवर्ष नोंदलेले असतेच, त्यावरून यादी लावता येते.

क्रमांकाबद्दल वाचकांचा एक स्वाभाविक समज असतो, की पुस्तकाचा मालेतील क्रमांक म्हणजे त्या कथेचा कायमचा क्रमांक. तसे नसते, क्रमांक आवृत्तीचा असतो. सी. एस. लुईस यांच्या नार्निया मालिकेतील ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ हे पुस्तक १९५५ मध्ये, सात पुस्तकांपैकी सहावे म्हणून प्रसिद्ध झाले. कथानकातील घटना मात्र सर्वांत आधीच्या असल्याने नंतरच्या आवृत्त्यांवर त्यालाच पहिला क्रमांक मिळाला, आणि १९५० चे खरे पहिले पुस्तक दुसरे झाले. ज्या ग्रंथालयात दोन्ही प्रकारच्या प्रती आहेत तिथे एकाच कथेला दोन क्रमांक दिसतील, आणि ते बरोबरच आहे. अशा वेळी प्रमाण नावाच्या नोंदीत किंवा पुस्तकाच्या टिपेत एक ओळ लिहून ठेवली तर वाचकाचा गोंधळ होत नाही.

आपल्याकडे याहून अवघड प्रकरण आहे ते रियासतकार सरदेसाईंच्या ‘मराठी रियासती’चे. मूळ ग्रंथ मध्य विभाग, उत्तर विभाग अशा रचनेत, विभागांतर्गत पुन्हा भाग पाडून निघाले. नंतर पॉप्युलर प्रकाशनाने स. मा. गर्गे यांच्या संपादनाखाली ते आठ खंडांत आणले. जुन्या प्रबंधातील तळटीपेत ‘मध्य विभाग, भाग २’ असे वाचून आलेला विद्यार्थी नव्या संचासमोर उभा राहतो तेव्हा त्याला दुसरा खंड उघडून उपयोग नसतो. इथे नुसती माला जोडून भागत नाही. जुन्या विभागाचे नाव नव्या खंडाच्या नोंदीत पर्यायी शीर्षक म्हणून किंवा टिपेत यावे लागते, म्हणजे जुन्या संदर्भावरून नव्या पुस्तकापर्यंत पोहोचता येते. हे काम कोणताही नियम आपोआप करून देत नाही. ते करण्यासाठी दोन्ही संच उघडून अनुक्रमणिका ताडून पाहणारा माणूस लागतो. मराठीतल्या प्रत्येक मोठ्या इतिहासग्रंथसंचासाठी असे ताळमेळाचे काम कोणा एका ग्रंथालयाने करून सर्वांना खुले करावे, असे मला मनापासून वाटते.

रियासतीमुळे आणखी एक भेद समोर येतो, आणि तालिकीकरणातल्या बऱ्याच चुका तो न ओळखल्याने होतात. अनेक खंडांचा एकच ग्रंथ वेगळा आणि स्वतंत्र ग्रंथांची माला वेगळी. मराठी विश्वकोशाचे वीस खंड किंवा केतकरांच्या ज्ञानकोशाचे तेवीस विभाग हा एकेक ग्रंथ आहे. ‘खंड ९’ हे वाचकाच्या दृष्टीने शीर्षक नव्हे. अशा ग्रंथाची एकच नोंद करून तिच्याखाली खंडवार प्रती दाखवणे आणि कोणत्या खंडात कोणत्या अक्षरापर्यंतच्या नोंदी आहेत ते टिपेत देणे हेच सोयीचे. उलट फास्टर फेणेचे प्रत्येक पुस्तक स्वतःच्या नावाने मागितले जाते, म्हणून त्याची नोंद स्वतंत्र हवी आणि मालिका दुव्याने जोडलेली हवी. मधली अवस्थाही असते. महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या ‘मराठी वाङ्मयाचा इतिहास’ या प्रकल्पात खंड आहेत आणि काही खंडांचे पुन्हा भाग आहेत. सातव्या खंडाचेच चार भाग आहेत. तिथे शीर्षकाच्या क्षेत्रात ‘एन’ या उपक्षेत्रात ‘खंड सातवा, भाग पहिला’ अशी पायरी स्पष्ट नोंदवली नाही, तर देवघेव काउंटरवर चारही भाग एकाच पुस्तकाच्या चार प्रती समजले जातात. मग तिसऱ्या भागासाठी आरक्षण केलेल्या वाचकाच्या हाती पहिला भाग पडतो.

त्याच शीर्षकाचा ल. रा. पांगारकरांचाही तीन खंडांचा ग्रंथ आहे. म्हणजे ‘मराठी वाङ्मयाचा इतिहास, खंड दुसरा’ एवढी माहिती दोन वेगळ्या पुस्तकांना लागू होते. अशा वेळी पांगारकरांचा ग्रंथ त्यांच्या नावाखाली जातो आणि परिषदेच्या प्रकल्पाच्या प्रमाण नावापुढे कंसात संस्थेचे नाव जोडले जाते. एवढी एक कंसातली भर नसेल तर दोन्ही संचांचे खंड एका यादीत मिसळतात, आणि एम. ए. च्या परीक्षेच्या तोंडावर आलेल्या विद्यार्थ्याचा वेळ त्यात जातो. वाचकाचा वेळ वाचवा, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचे १९३१ मधील चौथे सूत्र आम्ही सगळेच पाठ म्हणतो. त्याचा अर्थ प्रत्यक्ष कामात बहुतेक वेळा असा एखादा कंस इतकाच असतो.

प्रकाशकांच्या मालांविषयी थोडेसे. साहित्य अकादेमीची ‘भारतीय साहित्याचे निर्माते’ ही माला अनेक भाषांत निघते. इंग्रजीत ती ‘मेकर्स ऑफ इंडियन लिटरेचर’ आणि हिंदीत ‘भारतीय साहित्य के निर्माता’ आहे. प्रत्येक पुस्तकाचे शीर्षक बहुधा साहित्यिकाचे नावच असते, त्यामुळे ज्याला ही संपूर्ण माला पाहायची आहे त्याला मालेच्या नावाशिवाय दुसरा रस्ता नाही. तिन्ही भाषांतील नावे प्रमाण नोंदींमध्ये एकमेकांना जोडली, तर मराठी चरित्र वाचून संपवलेल्या वाचकाला एखादे पुस्तक मराठीत नसून हिंदीत आहे, हे तिथेच समजते. नॅशनल बुक ट्रस्टच्या ‘आदान-प्रदान’ मालेबाबतही असेच आहे. दुसऱ्या भारतीय भाषेतून आलेल्या कादंबऱ्या मराठीत शोधणाऱ्याला त्या नावासारखी दुसरी सोय नाही. मात्र मुखपृष्ठावर माला म्हणून छापलेले प्रत्येक नाव जोडण्याच्या लायकीचे असतेच असे नाही. नुसत्या विक्रीच्या सोयीसाठी दिलेल्या आणि दोन पुस्तकांनंतर सोडून दिलेल्या नावाला ४९० मध्ये उतरवून निर्देशक ० ठेवणे पुरेसे आहे.

परंतु हा निर्णय माला पाहून घ्यायचा असतो, सरसकट नव्हे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००६ च्या जूनपासून मालांच्या नवीन प्रमाण नोंदी करणे थांबवले आणि मालेचे विधान दुव्याशिवाय नोंदवणे हाच आपला परिपाठ केला. शब्दशोधाने वाचकाचे काम भागते आणि वाचलेला वेळ इतर कामाला लावता येतो, अशी त्यामागची भूमिका होती. सहकारी तालिकीकरणातील इतर अनेक ग्रंथालयांनी हे काम पुढे चालू ठेवले, आणि माझ्या मते त्यांचेच बरोबर होते. कारण शब्दशोध ज्या भाषेत लेखन स्थिर आहे तिथे बऱ्यापैकी चालतो, आणि आपल्या भाषेत गेल्या दीडशे वर्षांत लेखन किती बदलले ते वर दिसलेच. याचा आपल्याशी थेट संबंध असा, की आपल्या विद्यापीठांतील ग्रंथालये झेड ३९.५० या, दुसऱ्या ग्रंथालयाच्या तालिकेतून नोंदी मागवण्याच्या, सोयीने लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नोंदी जशाच्या तशा उतरवून घेतात. त्या नोंदींत ४९० असते, त्यापुढे ० असतो आणि ८३० नसते. शिवाय तिथल्या बऱ्याच मराठी पुस्तकांच्या नोंदी रोमन लिप्यंतरात असतात, आणि त्या लिप्यंतराच्या नियमाप्रमाणे ‘भागवत’ या नावाच्या शेवटीही ‘ए’ हे अक्षर येते, जे आपल्यापैकी कोणी स्वतः होऊन टंकणार नाही. देवनागरी रूपासाठी मार्कमध्ये ८८० हे जोडक्षेत्र आहे. आयती नोंद घेणाऱ्याने किमान ते आणि ८३० किंवा ८०० स्वतः भरले पाहिजे. एका नोंदीला त्यासाठी काही मिनिटेच लागतात.

लहान ग्रंथालयांना, विशेषतः ‘क’ आणि ‘ड’ वर्गातील, जिथे एकच कर्मचारी दाखल नोंदवहीपासून देवघेवीपर्यंत सगळे पाहतो, तिथे हे सगळे जड वाटेल हे मला ठाऊक आहे. त्यांनी सुरुवात बालविभागापासून आणि ऐतिहासिक ग्रंथसंचांपासून करावी, कारण पुढचा भाग मागायला येणारे वाचक प्रामुख्याने तिथलेच असतात. मालेचे नाव शीर्षकाच्या रकान्यात कोंबणे आधी थांबवावे. ‘फास्टर फेणे भाग ३ जवानमर्द’ अशी नोंद केली की पुस्तकाचे खरे शीर्षक हरवते आणि मालिकाही जोडली जात नाही. वापरात असलेल्या प्रणालीत मालेसाठी जो रकाना असेल तोच वापरावा. ठरलेल्या नावांची एक वही किंवा एक्सेलचा तक्ता ठेवावा, त्यात मालेचे ठरवलेले नाव, आढळलेली इतर रूपे आणि क्रमांक लिहिण्याची पद्धत एवढेच असले तरी पुरे. नवीन पुस्तक आले की आधी हा तक्ता पाहायचा, मग नोंद करायची.

आणि प्रश्न विचारणाऱ्या सभासदांसाठी: मालिकेतील जे पुस्तक सापडले आहे त्याची पूर्ण नोंद उघडा आणि तिथे मालेचे नाव दुवा म्हणून दिसते का ते पाहा. दिसत असेल तर त्यावर क्लिक केल्यावर त्या नावाला जोडलेली सगळी पुस्तके येतील. नुसता मजकूर असेल तर ते नाव प्रगत शोधात मालेच्या रकान्यात टाका, एकदा अनुस्वारासह आणि एकदा त्याशिवाय, आणि मग लेखकाच्या नावाने प्रकाशनवर्षाप्रमाणे यादी लावा. तरीही कपाटात दिसलेली पुस्तके यादीत नसतील तर त्यांचे दाखल क्रमांक, जे पुस्तकाच्या आतल्या पानावर शिक्क्यात असतात, एका कागदावर लिहून ग्रंथपालांना द्या. ते क्रमांक हाती आले की नोंदी दुरुस्त करणे हे एका दुपारचे काम आहे.